वर्षावासातला ठिपका

आषाढी पौर्णिमा झाली, वर्षावास लागला, पॅसेजमधल्या दोऱ्यांवर न वाळणारे कपडे चढले आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून तो मोबाइल पुन्हा उभा राहिला. परत तेच. मोबाइलमध्ये युरोपचा नकाशा, नकाशावर मुंगीएवढे ठिपके आणि त्यातला एक आमचा. सकाळी उठले की चूळ भरायच्या आधी मी ठिपका बघते. भाजी चिरताना बघते. कुकरच्या शिट्ट्यांकडे लक्ष द्यायचं सोडून बघते, म्हणून काल डाळीचा पार लगदा झाला. आमचे हे ताटाकडे बघून म्हणाले, "आज सूप केलंस का?" मी त्यांना लोणचं वाढलं. भांडायलाही अंगात जोर लागतो.

ठिपका म्हणजे आमची लेक, प्रज्ञा. बत्तीस वर्षांची झाली, लोअर परळला चांगली नोकरी आहे, लग्नाचा विषय काढला की हेल्मेट घालून बाहेर पडते. ही बाई सायकलवरून अख्खा युरोप ओलांडते. इकडच्या समुद्रापासून तिकडच्या समुद्रापर्यंत, मधल्या सगळ्या डोंगरांसकट. अशी शर्यतच असते म्हणे; प्रत्येकाच्या सायकलला एक डबी बांधतात, ती उपग्रहाला जागा कळवते आणि नकाशावर ठिपका हलतो. मागे गाडी नाही, डॉक्टर नाही, मसाज करणारा नाही. नियम मोठा आहे तो एकच, आणि तो आमच्यासारख्यांच्या डोक्यात शिरता शिरत नाही: कुणाची मदत घ्यायची नाही. दुकानात मिळेल ते विकत घ्या, कारण दुकान सगळ्यांना उघडं. रस्त्याकडेच्या नळाचं पाणी प्या, कारण नळ सगळ्यांचा. पण ओळखीच्या माणसाने नुसती पाण्याची बाटली आणून दिली तरी ते मदतीत धरलं. घरच्यांनी फोनवर ख्यालीखुशाली विचारायची, बस. पुढे कुठलं गाव आहे, कुठे खायला मिळेल, हे सांगायचं नाही. ते तिचं तिने शोधायचं. रडायला मात्र बंदी नाही.

पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंनी हिंडू नये, एका जागी राहावं, तो वर्षावास. आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर विहार आहे. या दिवसांत तिथे रोज संध्याकाळी वंदना, मग ग्रंथवाचन, पौर्णिमेला खीर. दाराशी ओल्या छत्र्यांचा ढीग, आत अगरबत्तीचा आणि दमट सतरंजीचा वास, पांढऱ्या साड्यांतल्या बायका, मागे भिंतीला टेकून पेंगणारे पुरुष. वाचणाऱ्याचा आवाज एका लयीत चाललेला असतो आणि बाहेर पन्हळीतून पाणी पडत असतं. मला ते फार आवडतं. कुठे जायचं नाही, काही करायचं नाही, नुसतं बसायचं. अशा दिवसांत आमची पोरगी नेमकी हिंडायला निघते. मी तिला एकदा तसं म्हटलं, तर म्हणाली, "आई, तिकडे या दिवसांत ऊन असतं." तिच्याकडे सगळ्याला उत्तर असतं.

थकवा म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मी नर्स होते. अख्खी नोकरी उभ्याने केली. पिंढऱ्यांवरच्या शिरा अजून निळ्या फुगलेल्या आहेत. ड्यूटीवरून आले की मिठाच्या गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसायचे आणि तशीच पेंगायचे. पण त्या थकव्याला तळ होता. बादलीतलं पाणी गार होईपर्यंत तो उतरायचा. हा बघत बसण्याचा थकवा वेगळा आहे, उतरतच नाही. वॉर्डात कुणी कण्हलं की मी उठायचे, उशी सरळ करायचे, पाणी पाजायचे, निदान डोक्यावर हात ठेवायचे. इथे पोरगी कण्हतेय की झोपलीय हेही ठिपक्यावरून कळत नाही. आणि कळलं तरी उठून जायचं कुठे?

टॉवर उभा राहायच्या आधी नायगावला याच जागेवर आमची चाळ होती. प्रज्ञाची दहावी आमच्या मजल्याने दिली असं मी नेहमी म्हणते. मार्च लागला तसे सगळ्यांच्या टीव्हींचे आवाज बंद. समोरच्या सुलभाताईंनी मिक्सर लावायचा सोडला आणि महिनाभर चटणी पाट्यावर वाटली. गणित एकाने शिकवलं, इंग्रजी दुसऱ्याने. पेपरच्या सकाळी ताकदीसाठी म्हणून पाच दारांतून उकडलेली अंडी आली आणि पोरगी जाता जाता जिन्यात ओकली. निकालाच्या दिवशी पेढे कुणी वाटायचे यावरून दोन घरांत अबोला झाला. प्रज्ञाला इतके टक्के मिळाले असं कुणी म्हणेना. जो तो म्हणे, आपल्याला इतके मिळाले. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. आजही वाटत नाही. आम्ही असेच वाढलो. आमच्याकडे कुणी कुणाला मदत करतो असं म्हणत नाहीत, नुसतं करतात. घेण्यातही कमीपणा नाही. भिक्खू पात्र घेऊन दारात उभा राहतो, तेव्हा त्याची मान खाली असते का? नाही. मग सायकलवर बसलेल्या माणसाने दिलेलं घेऊ नये, हे कुठलं शहाणपण? असा वाद मी तिच्याशी पुष्कळ घातला. ती हसायची आणि चेनला तेल घालायची.

मुंबईत सायकलवाल्याने चढ आणायचा कुठून? ती भल्या पहाटे मलबार हिलला जायची. गिरगाव चौपाटीवरून वर, वरून खाली, परत वर. तिथल्या एका वॉचमनने शेवटी तिला थांबवून विचारलं, "मॅडम, कुछ गिर गया क्या?" दुसऱ्या दिवशी वडाळ्याला, मिठागरांच्या बाजूने, खाडीचा वारा तोंडावर घेत. घरी यायची तेव्हा अंगाला चिखलाचा, मिठाचा आणि ट्रकच्या धुराचा वास. आधी सायकल पुसायची, मग स्वतः आंघोळ करायची. ह्यांनी एकदा ती सायकल दोन बोटांनी उचलून बघितली आणि म्हणाले, "यात काही दमच नाही, मोडेल." जन्मभर बसमध्ये कंडक्टर असलेला माणूस, ज्याचं वजन नाही त्याच्यावर त्यांचा विश्वास नाही.

ती पहिल्यांदा गेली तो वर्षावास माझ्या अंगात अजून मुरलेला आहे. प्रज्ञाने नकाशाची लिंक फक्त आम्हाला दिली होती. ह्यांनी ती सुलभाताईंना दाखवली आणि सुलभाताईंनी विहाराच्या ग्रुपवर टाकली. झालं. लिफ्टमध्ये लोक मला थांबवून विचारायला लागले, "आल्प्स चढली का?" ज्यांना माहीमच्या पलीकडे कधी काम पडलं नाही, ते फ्रान्समधल्या गावांची नावं घ्यायला लागले, आपापल्या पद्धतीने. तिकडच्या कब्रस्तानांत नळ असतो आणि पाणी चांगलं असतं, म्हणून सगळे सायकलवाले तिथेच बाटल्या भरतात, असं ती फोनवर म्हणाली. ते ऐकून विहारातल्या बायका दोन दिवस सुन्न होत्या. बस स्टॉपवर झोपते, पेट्रोल पंपावर खाते, मेलेल्यांचं पाणी पिते. सुलभाताई म्हणाल्या, "आपण एवढी माणसं इथे बसलोय, आणि एकटी पोर तिथे बेवारशासारखी फिरतेय."

इटलीच्या उत्तर भागात ठिपका मंदावला. मागचे ठिपके येऊन पुढे जायला लागले. फोन आला तो इतक्या बारीक आवाजात की मला आधी दुसरंच कुणी वाटलं. पोट बिघडलं होतं, काही आत राहत नव्हतं. मी नर्स, अशा वेळी काय करायचं ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. ती म्हणाली, "आई, काही सांगू नकोस. नुसतं ऐक." मी ऐकलं. ती काही बोलत नव्हती. कुठल्या तरी गाईच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती, तीच ऐकली.

श्रावणातली पौर्णिमा होती. विहारात खिरीची तयारी चाललेली, वेलची कुटल्याचा वास जिन्यापर्यंत आलेला. सुलभाताई मोबाइल नाचवत माझ्याकडे आल्या. मोबाइलवर फोटो. डोंगरातला घाट, एक वळण, आणि वळणावर स्टीलचा डबा घेऊन उभा असलेला एक सावळा मुलगा. त्यांचा भाचा, सुमेध. तो ऑस्ट्रियात इंजिनियर आहे. ठिपका बघून, गाडी काढून, देशाची हद्द ओलांडून प्रज्ञाच्या वाटेवर जाऊन उभा राहिला होता. सुलभाताईंनी आदल्या दिवशी फोन करून त्याला सगळं सांगितलं होतं, तांदूळ किती आणि दूध किती ते सुद्धा. "आपलं माणूस दोन तासांवर असताना पोर उपाशी जाईल का?" त्या म्हणाल्या. "अगं, उपासाने खंगल्यावर भगवंतांनीसुद्धा खीर घेतली होती." मला नियम पाठ होता. तरी मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी तिथेच सतरंजीवर बसकण मारली आणि पदर तोंडाला लावून रडले. कुणीतरी पोचलं होतं.

पुढचं प्रज्ञाने नंतर सांगितलं. तिला लांबून वाटलं, कुणी बसची वाट बघतंय. जवळ आली तर तो म्हणाला, "जयभीम, ताई." कित्येक दिवसांत तिच्या कानावर मराठी नव्हतं पडलं. तिने सायकल टेकवली आणि त्याला नियम समजावला. त्याचं तोंड उतरलं. "मला मावशीने हे नाही सांगितलं," तो म्हणाला. "मी जातो, ताई. तुम्ही मला बघितलंच नाही समजा." त्याने डबा परत बांधायला घेतला. त्याच्या शर्टाला कडक इस्त्री होती, आणि तो सकाळपासून उन्हात उभा होता. प्रज्ञा रस्त्याकडेच्या कठड्यावर बसली आणि म्हणाली, "थांबा. द्या." वरणभात खाल्ला, खीर खाल्ली, डबा चाटूनपुसून साफ केला. तो गेल्यावर तिथूनच शर्यतवाल्यांना फोन लावला आणि घडलं ते सांगितलं. त्यांनी सभ्यपणे सांगितलं, तुम्ही शेवटपर्यंत जाऊ शकता, पण क्रमांकात धरता येणार नाही. ती गेली. शेवटच्या समुद्रापर्यंत गेली.

बिल्डिंगने बॅनर लावला होता. गेटपासून लिफ्टपर्यंत रांगोळी, गुलाबाच्या पाकळ्या, भाषणं. एकाने तर आपण खंड जिंकला असं सांगून टाकलं. प्रज्ञाने सगळ्यांना वाकून नमस्कार केला, सुलभाताईंना मिठी मारली, त्यांच्या हातून गोड खाल्लं, आणि एक शब्द बोलली नाही. शर्यतीच्या यादीत तिच्या नावापुढे आकड्याऐवजी आडवी रेघ होती. ती रेघ आमच्या घराबाहेर कुणाला माहीत नव्हती.

दिवसचे दिवस हँडल धरून तिच्या हाताच्या करंगळ्या आणि त्यांच्या शेजारची बोटं बधिर झाली होती. दिवाळी आली तरी तिला कुडत्याचं बटण लावता येत नव्हतं. चपातीचा तुकडा मोडताना निसटायचा. रविवारी दुपारी मी कोमट तेल घेऊन तिची बोटं चोळत बसायचे. तिची मान अशी काही थकलेली असायची की डोकं आपोआप माझ्या खांद्यावर यायचं. एकदा मी म्हटलं, "नको म्हणायचं होतंस गं त्याला."

"जेवणाला म्हटलं असतं," ती म्हणाली. "भूक मारता येते, आई. पण तो माणूस आला होता ना. आलेल्या माणसाला नको म्हणायला मला कुणी शिकवलंय? तू शिकवलंस?"

मी तिचा दुसरा हात चोळायला घेतला. ती म्हणाली, "एकच गोष्ट मला माझी करायची होती." रागाने म्हणाली असती तर मी उलट बोलले असते. ती नुसती दमलेली होती. मला तिचं ते म्हणणं आजपर्यंत पेलवलेलं नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून तिला मोठं केलं, त्याचा मला अभिमान आहे, आणि आमच्या त्या एवढ्या हातांमधून पोरीला जरा बाजूला व्हायला जागा मिळाली नाही, हेही खरंच आहे. दोन्ही गोष्टी एकाच खोलीत राहिल्या. आमच्याकडे सगळं एकाच खोलीत राहायचं.

यंदा तिने परत नाव दिलं. निघायच्या आधी सायकल खोक्यात भरताना एवढंच म्हणाली, "सुलभामावशीला तूच सांभाळ." म्हणून मी एका दुपारी समोरचं दार वाजवलं आणि त्यांना सगळं सांगितलं. कठडा, फोन, आडवी रेघ. सुलभाताई वाल सोलत होत्या. त्यांचे हात थांबले.

"मग मला का नाही सांगितलं तिने?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आता वाटलंच की," त्या म्हणाल्या आणि परत वाल सोलायला लागल्या. मला वाटलं आता बोलणं बंद. पण शर्यत सुरू झाली त्या संध्याकाळपासून त्या आमच्याकडे येऊन बसतात. हातावर हात ठेवून बसतात, अगदी शाळेतल्यासारख्या. मध्येच सुमेधचा फोन येतो, ताई कुठे पोचल्या विचारायला. त्या त्याला म्हणतात, "तू तुझं काम कर." आम्ही दोघी न बोलता नकाशा बघतो, मोबाइलवर नाहीतर ह्यांच्या टॅबवर. काही न करणं हे एवढं कष्टाचं काम असेल असं मला वाटलं नव्हतं. दोघींच्याही पाठी धरतात. चहाचे कप तसेच राहतात, वर साय धरते.

आज ठिपका सर्बियात आहे. सकाळपासून रखडत चालला होता, आणि आपल्याकडे दिवे लागायची वेळ होत आली तेव्हा थांबला. तिकडे भर दुपार. थांबली म्हणजे खात असेल, असं हे म्हणाले. पण नकाशावर तिथे काहीच नव्हतं, नुसता रस्ता. बराच वेळ झाला. ह्यांनी गॅलरीत येरझाऱ्या घालायला सुरुवात केली. मग फोन वाजला.

"आई."

"बोल."

नुसता श्वास. वारा. एखादा ट्रक गेला असावा.

"पाय संपले गं. समोर नुसता चढ दिसतोय. मोबाइलला नेट येत नाहीये, नकाशा उघडत नाही, कालपासून नीट खाल्लं नाही." मग पुन्हा श्वास. आणि मग, लहानपणी तापात पाणी मागायची त्या आवाजात, "आई, पुढे काही आहे का गं? गाव, दुकान, काहीही?"

आपण काय विचारतोय हे तिला कळत नव्हतं. इतकं दमलेलं माणूस असंच विचारतं. ऑपरेशननंतर शुद्धीवर येताना माणसं विचारतात, त्या वेळी त्यांना नियम आठवत नाहीत, आई आठवते. मोबाइल कानाला होता आणि ह्यांच्या टॅबवर नकाशा समोर उघडा होता. मी दोन बोटांनी तो मोठा केला. चढ संपला की वळण, आणि वळणाच्या लगेच पलीकडे गाव. दुकानाची खूण, कपाची खूण, पलंगाची खूण. पोरगी बसली होती तिथून माझ्या नखाएवढ्या अंतरावर. सुलभाताईंनीही बघितलं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बघत राहिल्या.

"माहीत नाही, बाळा," मी म्हटलं. "इथून काही दिसत नाही."

मग ती म्हणाली, "बरं. बघते मी."

फोन ठेवल्यावर सुलभाताईंनी माझे हात आपल्या दोन्ही हातांत घेतले. "बसूनच राहिली तर तिथे?" त्या म्हणाल्या. हे आत आले, आमची तोंडं बघितली आणि परत गॅलरीत गेले. खाली विहारात माईक लावल्याची खरखर ऐकू आली. ठिपका हलेना. मी मनातल्या मनात तिला शिव्या दिल्या, त्या शर्यतवाल्यांना दिल्या, स्वतःला दिल्या. मग ठिपका हलला. हलला म्हणजे काय, सरपटला. बहुतेक सायकल ढकलत चालली होती. वळणापर्यंत गेला, वळला, आणि गावात जाऊन थांबला. सुलभाताईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "खाऊ दे आता पोटभर. चल, वंदनेला उशीर झाला."

आम्ही दोघी खाली जाऊन मागे बसलो. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. भन्ते एकेक शील म्हणत होते आणि त्यांच्यामागून सगळी सतरंजी म्हणत होती. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं. कळायला लागल्यापासून म्हणत आलेय ते. मी तोंड मिटून घेतलं आणि बाकीच्यांचं म्हणून होईपर्यंत थांबले. पाचव्याला मी परत त्यांच्यात आवाज मिसळला.